फायनलआधीचे दोन मैल : हेलिकॉप्टरच्या एफएमएसविषयी वाचकांचे प्रश्न

हेलिकॉप्टरच्या फ्लाइट मॅनेजमेंट सिस्टिमवर, म्हणजे मार्ग आखून दाखवणाऱ्या संगणकावर, एफएमएसवर, इन्स्ट्रुमेंट अ‍ॅप्रोच (ढगांत उपकरणांच्या आधारे उतरायला येणं) कसा उडवावा याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. प्रत्येक कंपनीचा एफएमएस वेगळा. बटणांची नावं वेगळी, पानांचा क्रम वेगळा. त्यामुळे कोणतं बटण दाबायचं यापेक्षा ते दाबल्यावर यंत्र आत काय करतं, यावर आम्ही भर दिला आहे. आमचं उत्तर आणि तुमच्या हेलिकॉप्टरचं फ्लाइट मॅन्युअल यांत फरक दिसला तर मॅन्युअल खरं.

प्रश्न : उपग्रहावर आधारित अ‍ॅप्रोच करताना फायनल अ‍ॅप्रोच फिक्स (शेवटची उतरण जिथे सुरू होते तो बिंदू) जवळ आला की कोर्सची, म्हणजे ठरलेल्या रेषेची, सुई एकदम चंचल होते. तोवर ती अगदी शांत असते. रिसीव्हर तपासून घ्यावा का?

उत्तर : रिसीव्हर ठीक आहे. सुई तीच असते, मोजपट्टी बदलते. आजच्या बहुतेक रिसीव्हरमध्ये मार्गावर असताना सुई टोकाला जाणं म्हणजे कोर्सपासून २ सागरी मैल दूर असणं. मुक्कामाच्या साधारण ३० मैलांच्या आत आलात की तीच सुई १ मैलाला टोकाला जाते. एफएएफच्या, म्हणजे फायनल अ‍ॅप्रोच फिक्सच्या, २ मैल आधी पट्टी आकसायला लागते आणि एफएएफपर्यंत ०.३ मैलावर येते. समजा तुम्ही कोर्सपासून पाव मैल बाजूला आहात. १ मैलाच्या पट्टीवर ही चूक पाव सुईची, डोळ्याआड होणारी. ०.३ मैलाच्या पट्टीवर तीच जवळजवळ टोकाला पोचते. म्हणजे चूक आधीपासून होती, दिसायला लागली ती आत्ता. एलपीव्ही अ‍ॅप्रोचमध्ये (उपग्रहांवरूनच उतरणही दाखवणाऱ्या प्रकारात) तर एफएएफनंतर पट्टी कोनात मोजली जाते आणि आयएलएससारखी, म्हणजे धावपट्टीजवळच्या रेडिओ किरणांवर चालणाऱ्या पद्धतीसारखी, शेवटपर्यंत निमुळती होत जाते.

सुई चंचल होण्याची नव्हे, न होण्याची काळजी करा. पट्टी आकसली नाही, म्हणजे एफएमएस अ‍ॅप्रोच मोडमध्ये गेलेलाच नाही. कारणं बहुधा साधी असतात. अ‍ॅप्रोच लोड केला पण अ‍ॅक्टिव्हेट केला नाही. होल्डिंगमधून (हवेत घिरट्या घालत थांबण्यातून) बाहेर पडताना सस्पेंड (पुढच्या बिंदूकडे जाणं रोखणारी स्थिती) काढायचं राहिलं, त्यामुळे एफएएफ अ‍ॅक्टिव्ह वेपॉइंट (यंत्र सध्या ज्याकडे नेतं तो बिंदू) झालाच नाही. किंवा उपग्रहांची मांडणी कमकुवत आहे आणि यंत्राला स्वतःच्या स्थानाची खात्री देता येत नाही. एसबीएएसची (उपग्रहांच्या संकेतांतली चूक दुरुस्त करणाऱ्या सेवेची) जोड नसलेल्या रिसीव्हरला चुकीचा उपग्रह आहे हे ओळखायला चांगल्या मांडणीतले किमान ५ उपग्रह लागतात आणि तो वगळून पुढे जायला ६. बॅरोमेट्रिक उंचीची जोड असेल तर एक कमी चालतो.

एफएएफच्या २ मैल आधी ही तपासणी व्हायलाच हवी, आणि आमच्या मते अख्ख्या अ‍ॅप्रोचमधली सर्वांत मोलाची तपासणी हीच आहे. पडद्यावर अ‍ॅप्रोच मोडचं नाव आलं का, अ‍ॅक्टिव्ह वेपॉइंट एफएएफच आहे का, वेग ठरलेला आहे का. दोघे वैमानिक असतील तर एकाने मोठ्याने वाचावं आणि दुसऱ्याने बघून होकार द्यावा. मोड आला नसेल तर एफएएफनंतर खाली उतरायचं नाही. शेवटच्या दोन मैलांत एफएमएसची पानं उलटत बसायचं नाही.

प्रश्न : ब्रीफिंगच्या वेळी पडद्यावर एलपीव्ही होतं, एफएएफजवळ ते एलएनएव्ही झालं. पुढे जाता येतं का?

उत्तर : दोन्ही मिनिमा (कोणत्या उंचीपर्यंत खाली यायचं त्या मर्यादा) आधी वाचलेल्या असतील, तुमच्या कंपनीच्या नियमांत बसत असेल आणि बदल एफएएफच्या आधी झाला असेल, तर येतं. चार्टवर एकाच अ‍ॅप्रोचच्या खाली मिनिमाच्या दोन-तीन ओळी असतात. एलपीव्हीला एसबीएएस लागतं : अमेरिकेचं डब्ल्यूएएएस २००३ पासून, युरोपचं एग्नॉस सुरक्षेच्या सेवेसाठी २०११ पासून, भारताचं गगन उभ्या मार्गदर्शनासाठी २०१५ पासून. त्यावर निर्णयाची उंची जागेनुसार २०० फुटांपर्यंत खाली येऊ शकते. एलएनएव्ही/व्हीएनएव्हीमध्ये उतरणीचा मार्ग बहुधा बॅरोमेट्रिक उंचीवरून काढलेला असतो. नुसत्या एलएनएव्हीमध्ये फक्त आडवं मार्गदर्शन मंजूर असतं.

घोटाळा होतो तो इथे : काही एफएमएस एलएनएव्हीमध्येही ग्लाइडपाथचा हिरा, म्हणजे उतरणीच्या रेषेची हिऱ्यासारखी खूण, दाखवतात. तो सल्ल्यापुरता असतो. स्टेपडाउनच्या (टप्प्याटप्प्याने ठरवलेल्या किमान) उंचीखाली जाऊ नका, हे तो सांगत नाही. मिनिमाखाली गेलात तर तो झाडाला किंवा तारेला चुकवेल याचीही हमी नाही. हिरा मध्यावर आहे म्हणून एलपीव्हीच्या ओळीची उंची वापरणं ही या प्रकारातली सर्वांत धोकादायक चूक. मोडचं नाव वाचा आणि त्याच नावाची ओळ वापरा.

प्रश्न : बॅरो-व्हीएनएव्ही अ‍ॅप्रोचमध्ये आम्ही अंतर आणि उंची चार्टच्या तक्त्याशी ताडून बघतो. एवढी पडताळणी पुरेशी आहे ना?

उत्तर : नाही, आणि यामागचं कारण प्रत्येक वैमानिकाने नीट समजून घ्यावं. बॅरो-व्हीएनएव्हीचा मार्ग अल्टिमीटरवर (हवेच्या दाबावरून उंची दाखवणाऱ्या उपकरणावर) उभा आहे. क्यूएनएच, म्हणजे अल्टिमीटरला लावायचा स्थानिक हवेचा दाब, चुकीचा लावलात तर अल्टिमीटर चुकतो, त्याच्यावर बेतलेला मार्ग तेवढाच चुकतो, आणि तक्त्याशी ताडायला तुम्ही तोच अल्टिमीटर वाचता. तिन्ही गोष्टी एकमेकांशी तंतोतंत जुळतात आणि तिन्ही चुकीच्या असतात.

किती चुकीच्या? समुद्रसपाटीजवळ १ हेक्टोपास्कल म्हणजे साधारण २८ फूट. खरा क्यूएनएच १००१ असताना १०११ लावला तर हेलिकॉप्टर दिसतं त्यापेक्षा सुमारे २८० फूट खाली असतं. हे आकडे आम्ही असेच घेतलेले नाहीत. २३ मे २०२२ रोजी पॅरिसच्या चार्ल्स द गॉल विमानतळावर एका ए-३२० विमानाला नेमका १००१ ऐवजी १०११ सांगितला गेला. उपग्रहावर आधारित, बॅरो-व्हीएनएव्हीचा अ‍ॅप्रोच करताना ते विमान धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीपासून अवघ्या ६ फुटांवर आलं, इतकं रेडिओ अल्टिमीटरने (रेडिओ लहरींनी जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या उपकरणाने) नोंदवलं. हेलिकॉप्टरचा एफएमएस या बाबतीत काहीही वेगळा वागत नाही.

ही चूक पकडायची तर माहिती दुसऱ्या स्रोतातून यायला हवी. क्यूएनएच दोनदा ऐका : एकदा एटिसवरून (विमानतळाच्या ध्वनिमुद्रित माहितीवरून), एकदा कंट्रोलरकडून, आणि दोन आकड्यांत २-३ हेक्टोपास्कलहून जास्त फरक असला तर पुन्हा विचारा. खालची जमीन सपाट असेल किंवा समुद्र असेल तर रेडिओ अल्टिमीटर बॅरोमेट्रिकशी ताडा. हेलिकॉप्टरमध्ये तो उपकरणपट्टीवर समोरच असतो आणि अशा जागी त्याचा उपयोग फार होतो. एलपीव्हीमध्ये मार्ग उपग्रहांवरून काढलेला असल्यामुळे क्यूएनएचने तो हलत नाही. मात्र निर्णयाची उंची तिथेही अल्टिमीटरवरच वाचायची असते, हे विसरू नका.

थंडीचंही असंच आहे. हवा प्रमाण तापमानापेक्षा दर १० अंशांनी थंड असली की खरी उंची दिसणाऱ्या उंचीपेक्षा साधारण ४ टक्क्यांनी कमी असते. समुद्रसपाटीच्या विमानतळावर उणे १५ अंश असताना फरक ३० अंशांचा, म्हणजे १२ टक्के. तिथून १५०० फूट वर असल्याचं दिसत असेल तर तुम्ही खरे १३२० फुटांवर आहात आणि ३ अंशांची उतरण प्रत्यक्षात २.६ अंशांच्या आसपास झाली आहे. म्हणूनच चार्टवर किमान तापमान छापलेलं असतं. एफएमएस तापमानाची दुरुस्ती स्वतः करत नसेल, तर त्या आकड्याखाली एलएनएव्ही/व्हीएनएव्हीची ओळ बाद.

प्रश्न : आमच्या हेलिकॉप्टरचा ऑटोपायलट तीन अक्षांचा आहे. एफएमएसला जोडून फायनल उडवताना वेग कधी ९० नॉट (ताशी सागरी मैल) असतो, कधी ६०. मार्ग मात्र अचूक धरला जातो. याला चूक म्हणायचं का?

उत्तर : म्हणायलाच हवं. एफएमएस रेषा सांभाळतो, वेग नाही. चार अक्षांच्या ऑटोपायलटमध्ये कलेक्टिव्हही (रोटरची एकूण उचल बदलणारा दांडा) यंत्राच्या ताब्यात असतो : उतरण कलेक्टिव्ह धरतो, वेग सायक्लिक (रोटर झुकवणारा दांडा). तीन अक्षांमध्ये उतरण धरायला यंत्राकडे फक्त नाक वर-खाली करणं उरतं, आणि वेग राखणं तुमच्या डाव्या हातातल्या कलेक्टिव्हवर येतं. तो हात थांबला की यंत्र मार्ग अचूक धरत धरतच वेग घालवत जातं.

सर्वांत वाईट क्षण मिनिमा उंचीवर समतल होण्याचा. उतरणीपुरती कमी केलेली पॉवर तशीच आहे आणि ऑटोपायलट उंची पकडायला नाक उचलतो. वेग ८०, ७०, ६५. किमान पॉवरच्या वेगाखाली गेलं की हेलिकॉप्टरला हळू उडायलाच जास्त पॉवर लागते. मग घसरण आपोआप वाढते. त्यात प्रत्येक हेलिकॉप्टरला ढगांत उडण्यासाठी किमान वेग ठरवलेला असतो, व्हीमिनी. त्याखाली यंत्र स्थिर राहील हे प्रमाणनात दाखवलेलंच नसतं. २३ ऑगस्ट २०१३ रोजी शेटलंडमधल्या सम्बर्ग विमानतळाकडे येणारं सुपर प्यूमा समुद्रात पडलं, त्यातल्या १८ पैकी ४ जणांचा जीव गेला. तो अ‍ॅप्रोच लोकलायझरचा (जमिनीवरून रेषा देणाऱ्या रेडिओ किरणाचा) होता, एफएमएसचा नव्हता. पण ऑटोपायलट तीन अक्षांवर, उभ्या वेगाच्या मोडमध्ये होता आणि वेग कलेक्टिव्हने वैमानिकांनी सांभाळायचा होता. तो घटत गेला आणि वेळेत लक्षात आला नाही.

उपाय असा. एफएएफच्या आधीच वेग ठरवा आणि त्या वेगाला समतल उड्डाणात किती टॉर्क (इंजिनचा जोर) लागतो, उतरणीत किती, हे दोन आकडे पाठ असू द्या. न उडवणाऱ्या वैमानिकाने ठरलेल्या वेगापासून ५ नॉटांचा फरक पडला की बोलायचं. आणि समतल होण्याच्या १०० फूट आधी हात कलेक्टिव्हवर जायला हवा, नाक उचललं गेल्यावर नव्हे.

वाऱ्याचा हिशेबही वेगाशीच बांधलेला आहे. ३ अंशांच्या उतरणीला जमिनीच्या सापेक्ष वेगाच्या (नॉटमध्ये) सव्वापाच पट इतके फूट प्रतिमिनिट लागतात. ७० नॉटला सुमारे ३७०. समोरून ३० नॉट वारा असला तर जमिनीच्या सापेक्ष वेग ४० आणि उतरण २१० फुटांची. तोच वारा पाठीमागून आला तर वेग १०० आणि उतरण ५३०. विमानाला एवढा पल्ला क्वचितच दिसतो. ६ अंशांच्या तीव्र अ‍ॅप्रोचला हे आकडे दुप्पट करा : पाठच्या वाऱ्यात हजारावर जातात. कमी वेगात एवढ्या जोराने खाली जाणं म्हणजे स्वतःच्याच रोटरच्या झोतात शिरण्याची तयारी, तेव्हा तो अ‍ॅप्रोच न घेतलेला बरा.

प्रश्न : कंट्रोलरने थेट एफएएफकडे जायला सांगितलं. डायरेक्ट-टू दाबलं की झालं ना?

उत्तर : नको. एफएएफवर थेट आलात तर फायनल कोर्सवर वळणं, पट्टी आकसणं आणि उतरायला लागणं हे तिन्ही एकाच बिंदूवर येतं. त्याआधीच्या फिक्सकडे, इंटरमीजिएट फिक्सकडे, थेट जाणं चालतं. तिथलं वळण ४५ अंशांपेक्षा जास्त नसावं, असा संकेत बऱ्याच नियमावल्यांमध्ये आहे. काही ठिकाणी ९० अंशांपर्यंत सूट असते. व्हेक्टर (कंट्रोलरने सांगितलेल्या दिशा) मिळत असतील तर एफएएफच्या किमान २ मैल आधी फायनल कोर्सवर स्थिर व्हायला हवं. तसं होणार नसेल तर स्पष्ट सांगा आणि पुन्हा व्हेक्टर मागा.

व्हेक्टर्स-टू-फायनल हा पर्याय घेतलात तर काही एफएमएस एफएएफच्या अलीकडचे सगळे फिक्स यादीतून काढून टाकतात. मग त्या टप्प्यातल्या किमान उंच्या पडद्यावर कुठेच राहत नाहीत. चार्ट मांडीवर उघडा ठेवा.

प्रश्न : पॉइंट-इन-स्पेस अ‍ॅप्रोचच्या चार्टवर कुठे ‘प्रोसीड व्हिज्युअली’ असतं, कुठे ‘प्रोसीड व्हीएफआर’. व्यवहारात फरक काय पडतो?

उत्तर : फार मोठा. दोन्हींत एफएमएस तुम्हाला हवेतल्या एका बिंदूपर्यंत आणतो, हेलिपॅडपर्यंत नाही. ‘प्रोसीड व्हिज्युअली’मध्ये त्या बिंदूपासून हेलिपॅडपर्यंतचा टप्पा अडथळ्यांसाठी तपासलेला असतो, आणि पुढे जायला हेलिपॅड किंवा त्याच्याशी जोडलेल्या ठरावीक खुणा दिसायला हव्यात. ‘प्रोसीड व्हीएफआर’मध्ये पुढच्या टप्प्याला असं कोणतंही संरक्षण नसतं. बिंदूवर पोचेपर्यंत व्हीएफआरला (डोळ्यांनी बघत उडण्याच्या नियमांना) लागणारं हवामान आहे की नाही हे ठरवायचं, आणि नसेल तर तिथूनच, किंवा त्याआधी, उतरणं सोडून परत चढायचं, म्हणजे मिस्ड अ‍ॅप्रोच. तारा आणि मनोरे बघून चुकवणं सर्वस्वी तुमचं काम. रात्री हा फरक आणखी जड जातो.

इथे वेगाचं गणित आधी करून ठेवा. ७० नॉट म्हणजे सेकंदाला ३६ मीटर. प्रवाशांना सहन होईल अशा बेताने, सेकंदाला १ मीटर प्रतिसेकंद या दराने, वेग कमी केला तर थांबायला सुमारे ६५० मीटर लागतात. ९० नॉट असेल तर १०७० मीटर. पॉइंट-इन-स्पेसच्या अनेक चार्टवर फायनलसाठी ७० नॉटची मर्यादा असते ती याचसाठी, आणि संरक्षित वळणांची रुंदीही त्याच वेगावर बेतलेली असते. बिंदू हेलिपॅडपासून १२०० मीटरवर आणि ४०० फूट उंच असेल तर खाली जाणारी रेषा जवळजवळ ६ अंशांची होते. ७० नॉटवर पोचलात तरी लगेच वेग कमी करायला लागावं लागतं. ९० वर पोचलात तर खाली बघेपर्यंत हेलिपॅड पायाखालून निघून जातं. मग नाक जोरात उचलून थांबवायचा मोह होतो आणि नाकाआड हेलिपॅड दिसेनासं होतं.

आणखी एक गोष्ट नवख्यांना कोणी सांगत नाही. ७० नॉट वेगाला आडवा वारा ३० नॉट असला तर नाक कोर्सपासून २५ अंश वळलेलं असतं. ढगातून बाहेर आल्यावर सगळे समोर बघतात, आणि हेलिपॅड समोर नसतं. वारा उजवीकडून असेल तर नाक उजवीकडे आणि हेलिपॅड डावीकडे २५ अंशांवर, कदाचित खिडकीच्या खांबाआड. म्हणून ब्रीफिंगमध्येच ठरवा : ‘दिसलं तर घड्याळाच्या अकराच्या दिशेला दिसेल’ की ‘एकच्या’, आणि कोणाच्या बाजूने.

प्रश्न : मिस्ड अ‍ॅप्रोचला गो-अराउंड दाबलं की एफएमएस पुढचा मार्ग आपोआप धरतो का?

उत्तर : बहुतेकदा नाही. बऱ्याच एफएमएसमध्ये मिस्ड अ‍ॅप्रोच पॉइंटवर क्रम थांबतो आणि पुढचे वेपॉइंट सुरू करायला वेगळं काही दाबावं लागतं. शिवाय कलेक्टिव्हवरचं गो-अराउंड बटण दाबलं की काही ऑटोपायलट आडवा मोड सोडून फक्त न झुकता सरळ चढण धरतात. नॅव्ह, म्हणजे एफएमएसचा मार्ग धरणारा मोड, पुन्हा लावावा लागतो. चढण मात्र आधी. पॉवर, वेग, चढाईचा दर दिसला, मग बटणं. मिस्ड अ‍ॅप्रोच पॉइंटच्या आधी निघालात तर चढायला लागा पण वळू नका. वळणाचं संरक्षण त्या बिंदूपासून मोजलेलं असतं. तुमच्या यंत्रात यातलं काय होतं ते सिम्युलेटरमध्ये किंवा उघड्या हवामानात पाहून घ्या.

प्रश्न : ज्या हेलिपॅडला अ‍ॅप्रोच नाही तिथे स्वतः वेपॉइंट टाकून खाली उतरणीची रेषा बनवता येईल का?

उत्तर : ढगांत नाही. अडथळे कोणी तपासलेले नाहीत, आणि अ‍ॅप्रोच मोड डेटाबेसमधून उचललेल्या प्रक्रियेलाच लागतो. तुमच्या वेपॉइंटवर सुई ०.३ मैलाला आकसणार नाही. चांगल्या हवामानात दिशा कळावी म्हणून वेपॉइंट टाकत असाल तर अक्षांश-रेखांश कोणत्या रूपात मागितला आहे ते बघा. ३४ मिनिटं ३० सेकंद म्हणजे ३४.५० मिनिटं. ते ३४.३० असं टाकलं तर अक्षांशात ०.२ मैलाची, म्हणजे ३७० मीटरची चूक होते, आणि नकाशावर ती डोळ्यांना जाणवत नाही.

डेटाबेसमधल्या अ‍ॅप्रोचचीही प्रत्येक वेळी चार्टशी तुलना हवी : वेपॉइंटचा क्रम, अंतरं, कोर्स, उंच्या. चुंबकीय फरकामुळे कोर्समध्ये ३ अंशांपर्यंत तफावत चालते. अंतरात किंवा उंचीत तफावत दिसली तर तो अ‍ॅप्रोच वापरू नका. डेटाबेस दर २८ दिवसांनी बदलतो, आणि दोन एफएमएस असतील तर दोन्हींत तोच आहे ना, हे सुरू करतानाच पाहा.

प्रश्न : फायनलवर असतानाच उपग्रहांचा सिग्नल गेला तर?

उत्तर : एफएएफच्या आधी इशारा आला तर अ‍ॅप्रोच सुरू करू नका. नंतर आला आणि आवश्यक खुणा दिसत नसतील तर लगेच मिस्ड अ‍ॅप्रोच. पण तोही त्याच एफएमएसवर बेतलेला असतो, आणि सिग्नल जॅमिंगने गेला असेल तर दोन्ही रिसीव्हर एकदमच जातात. म्हणून ब्रीफिंगमध्ये एक वाक्य ठेवा : एफएमएस गेला तर कोणत्या हेडिंगवर, कोणत्या उंचीपर्यंत. जवळचा व्हीओआर किंवा डीएमई (जमिनीवरून दिशा आणि अंतर सांगणारी रेडिओ केंद्रं) आधीच लावून, त्याचा आयडेंट, म्हणजे ओळखीचा संकेत, ऐकून ठेवा.